हजार लिटरला पाच ग्रॅम

८.३४. हा आकडा आमच्या वर्गात सगळ्यांना पाठ होता. कुणी तो वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिला होता, कुणी कॅल्क्युलेटरच्या पाठीवर चिकटपट्टी लावून. मोटारीच्या कारखान्यातली नोकरी गेल्यावर शिकायला आलेल्या पन्नाशीच्या एका गृहस्थांनी तो टोपीच्या आतल्या पट्टीवर लिहून ठेवला होता. एक गॅलन पाण्याचं वजन ८.३४ पौंड. जलशुद्धीकरण केंद्रात दिवसाला किती दशलक्ष गॅलन पाणी येतं आणि दर लिटरला किती मिलिग्रॅम औषध सोडायचं, यांचा गुणाकार करून त्याला ८.३४ ने गुणलं की दिवसाला किती पौंड औषध लागेल ते कळतं. अमेरिकेत पाण्याच्या कामावर असलेल्या कुणालाही विचारा, हा हिशेब तोंडपाठ असतो.

मला मात्र फळ्यावर तो आकडा दिसला की दुसराच एक आठवायचा. हजार लिटरला पाच ग्रॅम. तो आप्पांचा.

आप्पा आमच्या गावात पाणी सोडायचे. शिरोळ तालुक्यातलं, पंचगंगेकाठचं गाव. ग्रामपंचायतीच्या कागदावर ते पाणीपुरवठा कर्मचारी होते, गावात ‘पाणी सोडणारे आप्पा’. पहाटे चारला उठून जॅकवेलवरची मोटर सुरू करायची, टाकी भरली की आधी वरची गल्ली, मग खालची, मग मळ्याकडची वस्ती असे एकेक व्हॉल्व्ह फिरवत जायचं. लाइट गेली की सगळं वेळापत्रक कोलमडायचं आणि बायका घागरी घेऊन आमच्याच दारात यायच्या. पाणी आलं नाही तर बोलणी आप्पांना, आलं तर कुणाच्या लक्षातही नाही. तीस वर्षं मी हे बघितलं.

त्यांच्या सायकलच्या हँडलला एक पिशवी कायम असायची. तिच्यात काचेची नळी, रंगांचे ठिपके असलेली छोटी डबी आणि पाण्यातला क्लोरीन रंगाने दाखवणाऱ्या ओटीच्या द्रावणाची बाटली. टाकीत टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर, घालायची पद्धत अशी: हजार लिटरला पाच ग्रॅम या हिशेबाने पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी तेवढी टाकीत ओतायची. अर्ध्या तासाने वस्तीतल्या शेवटच्या नळाचं पाणी नळीत घ्यायचं, ओटीचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला की पाणी प्यायला हरकत नाही. माझं बोट धरून ते सांगायचे, “लगेच बघायचं पोरी. मागनं चढतो तो रंग फसवा असतोय.” का फसवा, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या साहेबांनी त्यांना सांगितलं, त्यांनी मला.

२०१२ साली शेजारच्या इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली. तेव्हापासून आप्पा दिवसातून दोनदा नळी भरू लागले. पगार तेवढाच होता.

मी जयसिंगपूरला बीकॉम केलं, लग्न झालं आणि २०१३ मध्ये ओहायो राज्यातल्या टोलेडोला आले. पाण्याशी माझा संबंध संपला असंच मला वाटलं होतं. नळ सोडला की चोवीस तास पाणी, तेही थेट पिण्याजोगं.

२ ऑगस्ट २०१४, शनिवार. पहाटेपासून नवऱ्याचा फोन वाजत होता. शहराचं पाणी पिऊ नका, असा इशारा होता. मुलगी अकरा महिन्यांची, तिचं दूध पावडरचं. मी पहिलं काय केलं असेल तर पातेलंभर पाणी गॅसवर ठेवलं. पाण्याबद्दल शंका आली की उकळायचं, हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं ज्ञान. नवरा धावत आला आणि त्याने गॅस बंद केला. इशाऱ्यात ठळक लिहिलं होतं: पाणी उकळू नका.

टोलेडोला जिथून पाणी येतं त्या ईरी सरोवरात शेवाळासारखा दिसणारा हिरवा थर माजला होता. खरं तर ते शेवाळ नव्हेच, सूक्ष्म जीवाणू. मौमी नदीच्या खोऱ्यातल्या शेतांतलं खत पावसाबरोबर वाहून येतं, त्यातला फॉस्फरस सरोवराच्या उथळ पश्चिम टोकाला साचतो, आणि उन्हाळ्यात हे जीवाणू त्याच्यावर पोसतात. त्यातून मायक्रोसिस्टिन नावाचं, यकृताला घातक विष पाण्यात उतरतं. उकळल्याने ते नाहीसं होत नाही. पाण्याची वाफ होत जाते आणि उरलेल्या पाण्यात विषाचं प्रमाण उलट वाढतं. चार लाखांहून जास्त लोकांना सोमवारपर्यंत नळाचं पाणी पिता आलं नाही. दुकानांतल्या बाटल्या काही तासांत संपल्या, लोक गाड्या काढून शेजारच्या राज्यांत पाणी आणायला गेले.

त्या रात्री मी आप्पांना फोन केला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “उकळून बी जात न्हाई? मग कशानं जातंय?”

मला सांगता आलं नाही. नदीकाठच्या, पाणी सोडणाऱ्याच्या मुलीला. ती टोचणी राहिली.

तीन वर्षांनी मुलगी नर्सरीत जायला लागली आणि मी जवळच्या कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं: पर्यावरण अभियांत्रिकी तंत्रज्ञान, दोन वर्षांची पदवी. घर सांभाळून एकेक विषय घेत मला चार वर्षं लागली. या कॉलेजांची कल्पना अमेरिकेत जुनी आहे. इलिनॉयमधल्या जोलिएटचं कॉलेज १९०१ मधलं, आणि १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाच्या अहवालानंतर ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ झालं. दार सगळ्यांना उघडं, फी त्यातल्या त्यात परवडणारी, वर्ग संध्याकाळी सहानंतर. माझ्या शेजारी टोपीवाले गृहस्थ बसायचे, पलीकडे सैन्यातून परतलेला एक तरुण, त्याच्या पलीकडे दोन मुलांची आई. ती हॉटेलातली पाळी संपवून थेट वर्गात यायची आणि मधल्या सुट्टीत डबा खायची. माझ्या आयुष्यात इतक्या मनापासून वही लिहिणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

आमच्या ओळखीतल्या मराठी घरांमध्ये या शिक्षणाबद्दल एकच प्रश्न यायचा. “म्हणजे इंजिनिअरिंग नाही ना?” नाही. इंजिनिअर केंद्राचा आराखडा करतो, टाक्या किती खोल आणि पंप केवढे ते ठरवतो. आम्ही ते केंद्र चालवायला शिकतो. नमुना घ्यायचा, तपासायचा, औषधाची मात्रा ठरवायची, बिघाड ओळखायचा आणि रात्री तीनलाही चुकायचं नाही. “डिप्लोमासारखं काहीतरी” असं म्हणून लोक विषय बदलायचे. मला त्याचा राग यायचा, अजूनही येतो. आपल्याकडे धरण बांधणाऱ्याचं नाव कोनशिलेवर असतं. त्या धरणाचं पाणी तोंडात घालण्याजोगं करणाऱ्याचं नाव गावालाही धड माहीत नसतं.

आम्हाला शिकवायला होत्या त्या बाई स्वतः वीसेक वर्षं जलशुद्धीकरण केंद्रात रात्रपाळ्या केलेल्या. त्यांचा पहिला प्रयोग जार टेस्टचा. एका ओळीत सहा चंबू, प्रत्येकात नदीचं तेच गढूळ पाणी, प्रत्येकात एकेक पातं. पहिल्यात लिटरला दहा मिलिग्रॅम तुरटी, दुसऱ्यात वीस, असं साठापर्यंत. (आपली घरातली तुरटी पोटॅशची, केंद्रातलं औषध ॲल्युमिनियम सल्फेट, पण काम करणारं ॲल्युमिनियम तेच.) एक मिनिट जोरात ढवळायचं, मग वेग एकदम कमी करून वीस मिनिटं हळू. मातीच्या कणांवर ऋण भार असतो, ते एकमेकांना ढकलत राहतात म्हणून खाली बसत नाहीत. तुरटी तो भार मोडते. मग सावकाश ढवळताना कण एकमेकांना चिकटतात.

मी तिसऱ्या चंबूपाशी वाकून बघत होते. आधी पाण्यात नुसती धूसर वाफ असल्यासारखं दिसलं. मग टाचणीच्या टोकाएवढे ठिपके, मग ठिपक्यांना ठिपके लागून कापसाच्या पेळूतून सुटावेत तसे पुंजके तयार झाले आणि पात्याबरोबर गोल फिरू लागले. पातं थांबलं तसे ते एकेक करत खाली आले. वरचं पाणी इतकं नितळ झालं की पलीकडच्या वहीतल्या रेघा मोजता याव्यात. सहाव्या चंबूत, जिथे औषध सगळ्यात जास्त होतं, पाणी पुन्हा गढूळच. जास्त घातलं की कणांवर उलटा भार चढतो आणि ते परत एकमेकांना ढकलतात.

आमची आजी पावसाळ्यात नदीचं तांबडं पाणी पिंपात भरलं की तुरटीचा खडा हातात धरून फिरवायची. आधी भराभर, मग अगदी हळू. “घाई केलीस तर फुटतंय बघ,” म्हणायची. काय फुटतं ते मी कधी विचारलं नाही. त्या दिवशी चंबूत ते पुंजके बघताना कळलं. त्याच्याही आधीच्या पिढ्या निवळीची बी उगाळून पाण्यात सोडायच्या. सहा पात्यांच्या त्या यंत्राने दोन वेग ठरवून दिले आहेत, आजीच्या मनगटाला ते ठाऊक होते.

आप्पांच्या ‘फसव्या रंगा’चं उत्तरही दुसऱ्या सत्रात मिळालं. मोकळा क्लोरीन ओटीबरोबर लगेच पिवळा होतो. सांडपाण्यातल्या अमोनियाशी जोडला गेलेला क्लोरीन सावकाश रंग देतो, आणि जंतू मारायला तो फार दुबळा. म्हणजे मागून चढणारा पिवळा रंग सांगत असतो की पाण्यात घाण मिसळली आहे आणि औषध तिच्यावर खर्च झालंय. मी वर्गातून बाहेर येऊन पार्किंगमध्ये उभी राहूनच फोन लावला. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. “असं हाय होय,” एवढंच म्हणाले. आईने नंतर सांगितलं, दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत नव्या मुलाला समोर बसवून त्यांनी ते तसंच्या तसं समजावलं.

सगळं असं आनंदाने शिकता आलं नाही. विरघळलेल्या ऑक्सिजनची विंकलर चाचणी आहे. ३०० मिलिलिटरच्या बाटलीत नमुना घेऊन दोन द्रावणं घालायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर विटकरी गाळ तयार होतो. बाईंनी शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या बाटलीत, कुजलेल्या सांडपाण्याच्या नमुन्यात, गाळ पांढराशुभ्र राहिला. “पांढरा म्हणजे शून्य,” त्या म्हणाल्या. मला आमचा बंधारा दिसला. पंचगंगेत मळीमिश्रित पाणी आलं की नदी काळी पडते आणि सकाळी बंधाऱ्याच्या कडेला माशांचा खच लागतो. लहानपणी आम्ही ते बघायला पळायचो. पृष्ठभागावर तोंड काढून हवा गिळायला धडपडणारे मासे आम्हाला गंमत वाटायचे. त्यांना लिटरमागे पाच मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन हवा असतो. त्या पहाटे नदीत तो नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. पुढची सगळी मापं मी त्या दिवशी चुकवली, बाईंनी काही न बोलता मला दुसरी बाटली दिली.

याच प्रकरणातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पाण्यातली घाण मोजायची जगभरातली पद्धत म्हणजे बाटली अंधारात २० अंश तापमानाला पाच दिवस ठेवून जीवाणूंनी किती ऑक्सिजन खाल्ला ते बघणं. पाचच दिवस का? ही पद्धत ब्रिटनमध्ये, १८९८ साली सांडपाण्यासाठी नेमलेल्या शाही आयोगाकडून आली, आणि तिथल्या नद्या पाच दिवसांच्या आत समुद्राला मिळतात. आमची पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. तिथे पुराचं पाणी दत्ताच्या पादुकांना लागलं की दक्षिणद्वार सोहळा होतो, लोक त्या पाण्यात स्नान करतात. तिथून पुढे कर्नाटक, तेलंगण, आंध्र ओलांडून कृष्णा बंगालच्या उपसागराला जाते, एकूण लांबी सुमारे १४०० किलोमीटर. भारताने पुढे आपली पद्धत बदलली, २७ अंशांना तीन दिवस. उष्ण देशात जीवाणू लवकर जेवतात. मोजमापसुद्धा कुठल्या तरी नदीच्या काठी जन्माला येतं, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

इतिहास शिकवताना बाईंनी क्लीव्हलंडच्या कायाहोगा नदीचा फोटो दाखवला. २२ जून १९६९ ला या नदीवरच्या तेलाच्या तवंगाने पेट घेतला. पुढच्या वर्षी, २ डिसेंबर १९७० ला, अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सुरू झाली. मी घरी येऊन शोधलं: महाराष्ट्राने जल प्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९६९ मध्येच केला आणि आपलं प्रदूषण नियंत्रण मंडळ ७ सप्टेंबर १९७० ला स्थापन झालं. जवळपास तीन महिने आधी. पुढच्या तासाला मी हात वर करून हे सांगितलं तेव्हा आवाज कापत होता. अभिमानाने कापत होता, आणि बंधाऱ्यावरचे मासे आठवत होते म्हणूनही.

फ्लिंट शहर आमच्यापासून पावणेदोन तासांवर. एप्रिल २०१४ मध्ये तिथला पाणीपुरवठा खर्च वाचवण्यासाठी ह्युरॉन सरोवरावरून फ्लिंट नदीवर वळवला गेला. नळांच्या आत गंज चढू नये म्हणून घालायचं औषध घातलं नाही, आणि जुन्या नळांमधलं शिसं पाण्यात उतरलं. मुलांच्या रक्तात गेलं. ऑक्टोबर २०१५ मध्ये पाणी परत बदललं गेलं, तोवर दीड वर्ष झालं होतं. आम्हाला हे नमुना कसा घ्यावा या धड्यात शिकवलं. शिशासाठी पाणी किमान सहा तास नळात थांबलेलं हवं, पहिलाच लिटर घ्यायचा, तोटीची जाळी काढायची नाही. फ्लिंटमध्ये आदल्या रात्री नळ थोडा वेळ वाहू द्या, अशा सूचना लोकांना दिल्या गेल्या होत्या. थांबलेलं पाणी वाहून गेलं की त्याच्याबरोबर शिसंही जातं आणि कागदावरचा आकडा सुधारतो. बाई म्हणाल्या की तुमची बाटली खोटं बोलली तर पुढचं प्रत्येक यंत्र प्रामाणिकपणे खोटंच सांगेल. नमुना कुणी घेतला, किती वाजता, कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेला, ही नोंद त्या आमच्याकडून इतक्या वेळा लिहून घ्यायच्या की माझ्या मुलीला तो तक्ता पाठ झाला होता.

ऑगस्ट २०१९. कोल्हापूर-सांगलीचा महापूर. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोळ तालुक्याचं बेट झालं. चार दिवस आई-आप्पांचा फोन लागला नाही. ते दिवस मी लिहिणार नाही.

पूर ओसरल्यावर पहिला फोन आला तो आप्पांचाच. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, तरी ते गुडघाभर चिखलात नव्या जलसुरक्षक मुलाबरोबर विहिरी आणि टाकी धुवत होते. बोलणं सरळ कामाचं: “पोरी, टीसीएलच्या गोण्या भिजल्यात. वास निम्मा बी येत न्हाई. किती धरू?”

आयुष्यात पहिल्यांदा आप्पा मला विचारत होते. माझ्यासमोर वही होती. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन धरतात. हजार लिटरला पाच ग्रॅम म्हणजे लिटरला सुमारे १.६५ मिलिग्रॅम. त्यातला बराचसा पाण्यातल्या घाणीवर खर्च होतो, आणि नळाशी ०.२ तरी उरला पाहिजे. म्हणजे आप्पांचा पाच ग्रॅमचा आकडा अगदी बरोबर बसवलेला होता, खर्चाला जागा सोडून. पण भिजलेल्या पावडरीत किती क्लोरीन उरलाय ते ओहायोत बसून कुणीच सांगू शकत नव्हतं, आणि पुराच्या पाण्याची भूक किती ते तर नाहीच.

मी म्हटलं, “आप्पा, आकडा नाही सांगता येणार. दुपटीने सुरू करा, अर्धा तास थांबा, नळी बघा. रंग लगेच आला नाही तर परत घाला, परत अर्धा तास. पुरानंतर नेहमीपेक्षा जरा गडदच ठेवा.”

पलीकडे क्षणभर शांतता. मग, “तेच करतोय सकाळपासनं. तू म्हणालीस, आता बरं वाटलं.”

आता मी इथल्या एका छोट्या शहराच्या प्रयोगशाळेत काम करते. ग्रीन कार्ड आल्यावर नोकरी मिळाली. सकाळी सात वाजता गढूळपणाचं मीटर बघते. गाळलेलं पाणी ०.३ च्या आत हवं. उन्हाळा आला की सरोवराची रोजची खबर बघते. मायक्रोसिस्टिन कशाने जातं हेही आता सांगता येतं: आधी जीवाणूंच्या पेशी न फोडता गाळून काढायच्या, आणि पाण्यात उतरलेलं विष कोळशाच्या बारीक भुकटीवर धरायचं. आप्पांना हे सांगितलं तेव्हा त्यांना आधीच्या काळी रांजणांच्या गाळणीत घालायचा कोळसा आठवला.

२०२२ च्या डिसेंबरात गावी गेले तेव्हा बॅगेत क्लोरीन मोजायची डीपीडीची पेटी घेऊन गेले. ओटीचं द्रावण आरोग्याला बरं नाही म्हणून इकडे मागे पडलं, डीपीडीत रंग गुलाबी येतो. सकाळी पाणी आल्यावर आम्ही दोघं परसातल्या नळापाशी बसलो. त्यांची नळी, माझी नळी. त्यांच्या हाताला आता कंप आहे, थेंब मोजताना त्यांनी मनगट दुसऱ्या हाताने धरलं. एकीत पिवळा आला, दुसरीत गुलाबी. दोन्ही नळ्या उन्हात धरून त्यांनी बराच वेळ पाहिल्या. माझ्या डबीवरचा रंग त्यांनी स्वतः जुळवला: ०.४.

मग नळ्या धुतल्या, पिशवीत ठेवल्या, चष्मा पुसला.

“हितं ठीक हाय,” म्हणाले. “चल, मळ्याकडच्या वस्तीवर शेवटचा नळ बघू. तिथं कमी येतंय.”